पिस्तुलावर लाल ठिपका नेमका कुठे बसवावा?

मुलुंडचा_नेम · शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात काढावा कळेना, म्हणून 'छंद'मध्ये टाकतोय. चुकलं असेल तर संपादकांनी हलवावा.

वय ५२. गेल्या वर्षी एक ४.५ मिमीचं एअर पिस्तूल घेतलं. नळी मोडून स्प्रिंग चढवायची, एक छर्रा भरायचा, झाडायचा, परत तेच. रीतसर बिल आहे, ताकद २० ज्यूलच्या कितीतरी खाली, त्यामुळे लायसन्सची भानगड नाही. घरी हॉल आणि पॅसेज मिळून पाच मीटर जमतात (स्वयंपाकघराचं दार बंद, पेटीत चिंध्या आणि मागे लोखंडी पत्रा, घरच्यांना आधी हाळी), आणि महिन्यातून एकदा बदलापूरला मित्राच्या वाडीवर दहा मीटर.

अडचण अशी की माशी दिसेनाशी झाली. माशी म्हणजे नळीच्या टोकावरची, नव्या मंडळींच्या भाषेत फोरसाइट. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह. हनुवटी वर करून खालच्या काचेतून पाहिलं तर माशी कोरून काढल्यासारखी दिसते, पण कागद धुक्यात. मान सरळ केली की कागद लख्ख, आणि माशीच्या जागी कोळशाचा खडा.

म्हणून रेड डॉट (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारी साइट) आणला. छोटा, खिडकीवाला. आता तो बसवायचा कुठे? पिस्तुलावर तीन जागा दिसतात:

पहिली, सिलिंडरच्या (नळीमागचा, स्प्रिंग असलेला भाग) खाचेवर अगदी मागे. पण मग मागची साइट काढावी लागेल. दुसरी, त्याच खाचेवर पुढे, नळीच्या बिजागरीजवळ. मागची साइट राहते. तिसरी, थेट नळीवर, कडं कसून.

खाच ११ मिमीची आहे आणि ठिपक्याचं बूड २० मिमीच्या रेलचं, म्हणून दुकानदाराने मध्ये एक अडॅप्टर दिला. तो लावून सध्या दुसऱ्या जागी बसवलाय. दहा मीटरवर नेम लावून घेतला, झकास. घरी आलो तर पाच मीटरवर सगळे छर्रे बोटभर खाली. माझं मत असं की दुर्बिणीसारखा तोही डोळ्याच्या जितका जवळ तितका चांगला, म्हणजे पहिली जागा. जाणकारांनी सांगावं.

---

उगाच · शनिवार, रात्री ११:५२

शीर्षक वाचून वाटलं टिकलीचा धागा आहे. जागा भुवयांच्या मध्ये, असं सांगणार होतो.

---

टूलरूम_भांडुप · रविवार, सकाळी ७:१५

मुलुंडकर, शेजारीच आहात. ३१ वर्षं टूलरूममध्ये काढली, एअरगनचा नाद त्याआधीपासूनचा. जरा सविस्तर लिहितो.

आधी तो दुर्बिणीचा गैरसमज काढू. दुर्बिणीला डोळा ठरावीक अंतरावरच लागतो, पुढेमागे झालं की काळी कड येते. ठिपक्याचं तसं नाही. खिडकीच्या मागे एक बारीक एलईडी असतो, त्याचा उजेड पुढच्या वक्र काचेवर आपटून समांतर किरण होऊन डोळ्यात येतो. म्हणून ठिपका काचेवर नसतोच, तो लांब कागदाजवळ तरंगतोय असं दिसतं. साइट डोळ्यापासून वीतभर असो की हातभर, ठिपका तितकाच स्पष्ट. तुमच्या चष्म्याची अडचण सुटते ती यामुळेच. बघायचं फक्त कागदाकडे, लांबच्या काचेतून.

मग पुढेमागे केल्याने बदलतं काय? खिडकी. हात लांब केल्यावर डोळ्यापासून सिलिंडरची मागची कड साधारण ६० सेंटीमीटरवर येते. खिडकी २० मिमी रुंद धरली तर दहा मीटरवर तिच्यातून सुमारे ३३ सेंटीमीटरचा पट्टा दिसतो. तीच साइट १५ सेंटीमीटर पुढे सरकवा, पट्टा २७ वर येतो. म्हणजे पाचवा हिस्सा गेला. पुढे बसवलं की पिस्तूल उचलल्यावर ठिपका शोधत बसावं लागतं, त्याचं कारण हे. शिवाय तोंडाकडे वजन वाढतं. छोट्या साइटचे ३०-४० ग्रॅम फार नाहीत, पण एका हाताने मारत असाल तर पंचविसाव्या छर्र्याला मनगट सांगतं.

तेव्हा मागे बसवा, हे बरोबर. पण कारण वेगळं आहे.

आता पाच मीटरवर खाली का जातं. हा पुढेमागेचा प्रश्नच नाही, उंचीचा आहे. छर्रा नळीतून निघतो, तुम्ही बघता तिच्या वरून. या दोन रेषांमधलं अंतर मोजा. तुमच्या जातीच्या पिस्तुलात छर्रा सेकंदाला १२० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे दहा मीटर गाठेपर्यंत तो ३४ मिमी पडतो, पाच मीटरला साडेआठ. ठिपक्याचा मध्य नळीच्या मध्यापासून ४० मिमी वर धरला (अडॅप्टरसकट तेवढा होतोच) आणि दहाला नेम जुळवला, तर पाचला छर्रा साडेअकरा मिमी खाली लागतो. हेच गणित मूळच्या माशीने करा, उंची १५ मिमी. पाचला छर्रा एक मिमी वर. म्हणजे माशीवर दोन्ही अंतरांना एकच नेम चालत होता, आणि ठिपका आल्यावर तो मोडला.

तो अडॅप्टर काढा. ११ मिमीच्या खाचेचं थेट बूड मिळतं, त्याने उंची ३० वर येईल. मग पाच मीटरला फरक साडेसहा मिमी. पूर्ण जात नाही, पण जवळजवळ अर्ध्याने कमी होतो.

---

मुलुंडचा_नेम · रविवार, सकाळी ९:०२

अहो, मी गणित बघूनच चहा गार केला. कॅलिपरने मोजलं. अडॅप्टरसकट ४१ मिमी! आणि खाली साधारण ११-१२ मिमीच जातंय, पट्टी लावून बघितलं. तुमचं कागदावरचं आणि माझ्या पॅसेजमधलं जुळलं.

पण नळीवरच्या जागेबद्दल बोलला नाहीत.

---

टूलरूम_भांडुप · रविवार, सकाळी ९:४०

चहा झाला की लिहिणार होतो.

नळीवर बसवण्यात एक फायदा आहे, आणि तो लोक विसरतात. तुमचं पिस्तूल बिजागरीचं. मागची साइट सिलिंडरवर, माशी नळीवर. दर वेळी नळी मोडून परत बंद केली की ती कुलपात तंतोतंत त्याच जागी बसली पाहिजे. नवीन असताना बसते. दोनेक हजार छर्रे झाले, बिजागरीचा वॉशर झिजला की कधी केसभर वर, कधी केसभर खाली. ठिपका सिलिंडरवर असेल तर ती चूक तशीच कागदावर उतरते. ठिपका नळीवरच असेल तर नळी आणि नेम एकत्र हलतात, चूक कटते.

तोटा तुम्हाला उद्याच कळेल. स्प्रिंग चढवताना नळी कुठे धरता? टोकाला. तिथेच साइट असली तर हात काचेवर. आणि प्रत्येक वेळी त्या काचेला पाळण्यासारखा झोका. मी स्वतः १९९८ साली एका देशी पिस्तुलावर नळीला कडं कसलं होतं. तिसऱ्या दिवशी कडं फिरलं आणि नेम डावीकडे. नळी गोल असते हो, गोल वस्तूवर कडं कधी ना कधी फिरतंच.

बिजागरी तपासायची सोपी रीत: पिस्तूल बंद करून नळीचं टोक वर-खाली दाबा. टक् असं जाणवलं तर आधी वॉशर बदला, मग ठिपक्याकडे बघा.

---

सई_१०मी · रविवार, दुपारी १:२०

काका, एक आधीच सांगते. पुढे कधी क्लबात स्पर्धा खेळायचा विचार असेल तर हा ठिपका तिथे चालणार नाही. १० मीटर एअर पिस्तुलात फक्त उघडी साइट. ठिपका, लेझर, दुर्बीण, आरसा, काहीही नाही. दुरुस्तीची काचसुद्धा पिस्तुलाला लावता येत नाही, ती तुमच्या चष्म्यात असली पाहिजे.

म्हणून आमच्यातले चाळिशीपुढचे लोक वेगळं करतात. लांबच्या नंबरात अर्धा किंवा पाऊण प्लस मिळवून एका डोळ्याचा नेमबाजीचा चष्मा बनवतात, पुढे छोटी आयरिस, म्हणजे लहानमोठं करता येणारं भोक. त्याने फोकस माशीवर येतो आणि कागद थोडाच मऊ राहतो. मऊ असलेलाच बरा, सगळे प्रशिक्षक हेच सांगतात.

तुम्हाला मुलुंडहून दादर सोपं. सावरकर स्मारकात रेंज आहे, आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची. एकदा जाऊन दुसऱ्या कोणाच्या माशीतून बघा. चष्मा बदलून काम झालं तर ठिपका कशाला?

---

उगाच · रविवार, दुपारी १:३१

पॅरिसला २०२४ साली तो तुर्की काका नेहमीच्या चष्म्यात, एक हात खिशात घालून मिश्र सांघिकचं रौप्य घेऊन गेला. त्याला कुठे आयरिस होती?

---

सई_१०मी · रविवार, दुपारी १:४४

खिशात हात तर सगळेच घालतात, तोल राहतो म्हणून. आणि युसुफ डिकेच काही पहिल्यांदाच पिस्तूल धरून आला नव्हता, त्याची ती पाचवी ऑलिंपिक होती. तुम्ही घाला खिशात हात, बघू किती लागतात.

---

उगाच · रविवार, दुपारी १:४६

माघार. 🙏

---

गिरगावचा_चष्मेवाला · रविवार, सायंकाळी ५:५०

माझा धंदाच हा, म्हणून बोलतो. सई म्हणते ते बरोबर आहे. पण मुलुंडकरांना स्पर्धा खेळायची नसेल तर ठिपक्याला माझी ना नाही. प्रोग्रेसिव्हने मात्र मारू नका. मान जराशी हलली की काचेचा नंबर बदलतो. लांबच्या नंबराचा एकच साधा चष्मा बनवा, हजारेक रुपयांची फ्रेम पुरते.

आता एक विचारतो. तुम्हाला ठिपका गोल दिसतो का?

---

मुलुंडचा_नेम · रविवार, रात्री ८:१०

हे विचारायला लाजत होतो. गोल नाही दिसत. स्वल्पविरामासारखा दिसतो, खाली उजवीकडे शेपटी. प्रकाश वाढवला तर प्राजक्ताचं फूल. मला वाटलं माल खराब निघाला, परत करायला निघालो होतो.

---

गिरगावचा_चष्मेवाला · रविवार, रात्री ८:३५

थांबा, परत करू नका. साइट पिस्तुलावरून काढून हातात घ्या, ठिपका बघत हळूहळू गोल फिरवा. शेपटीही बरोबर फिरली तर दोष साइटचा. शेपटी आहे तिथेच राहिली तर दोष तुमच्या डोळ्याचा. सिलिंड्रिकल नंबर, म्हणजे अ‍ॅस्टिग्मॅटिझम. तोच मोबाइलच्या कॅमेऱ्यातूनही बघा, कॅमेऱ्याला सिलिंड्रिकल नंबर नसतो.

---

मुलुंडचा_नेम · रविवार, रात्री ९:०५

शेपटी जागची हलली नाही. मोबाइलमध्ये ठिपका गोल वाटाण्यासारखा. म्हणजे खराब माल मीच!

---

गिरगावचा_चष्मेवाला · रविवार, रात्री ९:१२

चष्म्यात हा सिलिंड्रिकल नंबर बरोबर बसला की शेपटी बरीच आखडेल. आणि प्रकाश कमीत कमी ठेवा, ठिपका जेमतेम दिसेल इतकाच. लोक दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा पेटवून ठेवतात.

---

डलासवाला · सोमवार, पहाटे ३:४८

इथे संध्याकाळ आहे, म्हणून या वेळेला. मूळचा विलेपार्ल्याचा, गेली ११ वर्षं टेक्ससमध्ये. इकडे पिस्तुलावरचा ठिपका हा रोजचा विषय, म्हणून थोडी भर घालतो. काकांच्या एअर पिस्तुलाला याचा थेट उपयोग नाही, पण शीर्षक सगळ्या पिस्तुलांचं आहे.

इथल्या अर्धस्वयंचलित पिस्तुलांत सगळ्यात मोठा प्रश्न: ठिपका हलणाऱ्या भागावर की स्थिर भागावर? स्लाइड दर गोळीला मागे जाऊन पुढे येते. तिच्यावर बसवला तर ठिपकाही झटके खातो, उडून खिडकीबाहेर जातो आणि परत येतो. फ्रेमवर पूल टाकून बसवला तर स्लाइड त्याच्याखालून सरकते, ठिपका जागचा हलत नाही. स्पर्धेतल्या ओपन गटाची पिस्तुलं अशीच असतात, सायकलच्या कॅरियरसारखा तो पूल बाजूने स्क्रू केलेला. १९९० च्या आयपीएससी (पळत-फिरत पिस्तूल मारायचा खेळ) विश्वस्पर्धेत डग कोनिग ठिपका लावून जिंकला, त्यानंतर ओपन गटात उघडी साइट जवळपास नाहीशी झाली.

पण तो पूल कमरेच्या म्यानात मावत नाही. म्हणून रोज वापरायचं पिस्तूल म्हटलं की स्लाइडच. तिथे तीन प्रकार. मागची साइट काढून तिच्या खाचेत पट्टी बसवायची. सगळ्यात स्वस्त, सगळ्यात उंच, आणि मागची साइट गेली. दुसरा, कारखान्यातूनच खड्डा पाडून आलेलं पिस्तूल, त्यात साइटच्या जातीप्रमाणे पातळ प्लेट. ग्लॉकने हे एमओएस नावाने २०१५ साली आणलं. तिसरा, गनस्मिथकडून स्लाइडमध्ये त्याच एका साइटच्या मापाचा खड्डा मिल करून घ्यायचा. सगळ्यात खाली बसते, मध्ये प्लेट नाही. माझ्यावर सोपवलं तर तिसरा, पण मग जन्मभर त्या एकाच जातीच्या साइटशी लग्न.

आणि स्लाइडवर कुठे? रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या झरोक्याच्या मागे, मागच्या टोकाच्या पुढे. इथल्या यूएसपीएसएच्या (त्याच खेळाची अमेरिकी संघटना) कॅरी ऑप्टिक्स गटात हा नियमच आहे. त्याच्या पुढे लावायला जागाच नसते.

---

टूलरूम_भांडुप · सोमवार, सकाळी ६:५५

डलासवाले, प्लेटचं सांगताय तर एक धोका सांगायचा राहिला. प्लेट पातळ असते, तिच्यात स्क्रूचे आटे जेमतेम तीन-चार बसतात. साइट प्लेटला, प्लेट स्लाइडला. दोन जोड, म्हणजे दोन ठिकाणी ढिलं होणार. आमच्याकडे फिक्स्चरचं हेच दुखणं असायचं. जोड वाढले की चूक वाढते.

---

डलासवाला · सोमवार, सकाळी ७:०५

अगदी. माझी साइट एकदा गोळीगणिक डावीकडे सरकत होती आणि मी बोटाला दोष देत होतो. प्लेटचा एक स्क्रू मोडला होता.

---

कायद्याचं_बोला · सोमवार, सकाळी १०:३०

वाचून उद्या कुणी परवान्याचं .३२ पिस्तूल घेऊन कुर्ल्याच्या वर्कशॉपमध्ये स्लाइड मिल करायला जाईल, म्हणून लिहितो. भारतात खऱ्या पिस्तुलाचं रूपांतर किंवा दुरुस्ती ही शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ खाली परवाना असलेल्याचीच कामं आहेत. लेथ असलेल्या मित्राची नाहीत. डलासवाल्यांच्या तिकडचं ९ मिमीचं पिस्तूल म्हणजे आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), सामान्य माणसाला मिळतच नाही.

मुलुंडकरांचं एअर पिस्तूल या भानगडीत येत नाही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी आणि २० ज्यूलच्या आतलं आहे. तरी बदलापूरला नेताना पेटीत घाला आणि बिलाची प्रत बरोबर ठेवा. लोकलमध्ये पेटी उघडून शेजाऱ्याला दाखवायला जाऊ नका. हौस फार महागात पडते.

---

मुलुंडचा_नेम · सोमवार, दुपारी २:१५

पेटीच्या बाबतीत कधीच हयगय नाही. मित्राची गाडी येते.

टूलरूम साहेब, ११ मिमीचं बूड नागदेवीला शोधतोय. तिथल्या गल्लीत काय मिळत नाही, पण हे नाही मिळालं. शेवटी ऑनलाइन मागवलं.

---

टूलरूम_भांडुप · सोमवार, रात्री ९:३०

आल्यावर लगेच कसू नका. आधी हे वाचा.

स्प्रिंगच्या पिस्तुलाचा झटका खऱ्या पिस्तुलासारखा एका बाजूचा नसतो. स्प्रिंग सुटते तेव्हा पिस्टन पुढे, पिस्तूल मागे. मग पिस्टन टोकाला आपटतो, तेव्हा पिस्तूल पुढे. दोन्हीकडून ठोका. म्हणून खाचेवरची साइट उंदरासारखी मागे मागे सरकते. तुमच्या सिलिंडरवर मागे एक बारीक भोक असेल. ते स्टॉप पिनचं. बुडाला पिन असेल तर ती त्या भोकात बसवा. नसेल तर बूड मागच्या बाजूला खाचेच्या टोकाला टेकवा.

मग खाच आणि बूड दोन्ही आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) पुसा. कारखान्याच्या तेलाचा थर राहिला तर कसलेलं सगळं वाया. बुडाचे स्क्रू बारीक, त्यांना आटे धरून ठेवणारा गोंद, जांभळं लॉकटाइट, २२२. लाल लावू नका, पुन्हा उघडायला गॅस लागेल. एकदम एक बाजू कसायची नाही, दोन्ही थोडे थोडे. शेवटी स्क्रूच्या डोक्यावरून बुडापर्यंत करेक्शन पेनने एक रेघ. रेघ तुटली की कळतं कुठला फिरला.

---

मुलुंडचा_नेम · सोमवार, रात्री १०:०४

भोक आहे! वर्षभर मला वाटायचं ते तेल घालायचं आहे. तेल घालतही होतो.

---

टूलरूम_भांडुप · सोमवार, रात्री १०:०६

😄 पुसून घ्या.

---

सई_१०मी · मंगळवार, सकाळी ८:००

काका, ठिपका किती एमओएचा (ठिपक्याचं कोनातलं माप) आहे? ६ चा असेल तर दहा मीटरवर तो साडेसतरा मिमीचा होतो. आमच्या कागदाचं दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं. अख्खं दहा ठिपक्याखाली झाकलं जाईल. ३ चा असेल तर पावणेनऊ मिमी, तो बरा.

आणि पॅकवर पॅरालॅक्स-फ्री (डोळा हलला तरी नेम हलत नाही) लिहिलेलं मनावर घेऊ नका. ते लांबच्या अंतरासाठी. दहा मीटरवर ठिपका खिडकीच्या कोपऱ्यात असताना मारलंत तर छर्रा जवळपास तितकाच बाजूला जातो जितका डोळा मध्यापासून हललाय. ८ मिमी हलला, ८ मिमी गेला. बंदुका लांबवर मारणाऱ्यांना हे जाणवत नाही, आपल्याला जाणवतं.

---

डलासवाला · मंगळवार, सकाळी ८:२०

हे मला माहीत नव्हतं. इथे सात यार्डावर माणसाएवढा कागद, त्यात ८ मिमी कुणी मोजत नाही. +१

---

पावसाळी_ढग · गुरुवार, रात्री ९:५५

धागा वाचून राहवलं नाही. मी फोटोवाला, पण काच तीच. जून लागला की मुंबईत काचेला बुरशी धरते. खिडकीवाल्या साइटमध्ये एलईडी उघडा असतो, त्यावर पाण्याचा एक थेंब पडला तर ठिपक्याचा गाजरहलवा होतो. बंद डबीवाल्या येतात, एमपॉइंट अ‍ॅक्रो वगैरे, त्यात दोन्ही बाजूंना काच, आत कोरडं. महाग आहेत.

उघडी असेल तर हवाबंद डबा, आत सिलिका जेल, निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर भाजून परत. आणि डबा कपाटात नको. कपाट म्हणजे मुंबईतली सगळ्यात दमट जागा.

---

उगाच · गुरुवार, रात्री १०:०१

गाजरहलव्यावरून धागा पाककृतीत हलवावा ही विनंती.

---

जुनी_कात्रणं · शुक्रवार, दुपारी ४:१०

अवांतर: समांतर किरणांच्या नेमाची ही युक्ती फार जुनी. आयर्लंडमधले दुर्बिणी बनवणारे हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. बॅटरीवरचा ठिपका स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ साली बाजारात आणला.

---

मुलुंडचा_नेम · तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ८:४५

मंडळी, वृत्तांत.

बूड आलं. ठिपका मागे, मागची साइट काढून, पिन भोकात. उंची आता ३१ मिमी. गिरगावच्या सल्ल्याने लांबचा साधा चष्मा केला, सिलिंडरसकट. ठिपका आता गोल दिसतो, म्हणजे लांबट वाटाणा. प्रकाश सातपैकी दोनवर.

पहिल्या दिवशी पाय खोलात गेला. मागची साइट काढल्यावर हात वर उचलला की खिडकी रिकामी! ठिपका नाहीच. पिस्तूल पेनासारखं इकडेतिकडे फिरवून शोधत होतो. मग लक्षात आलं की माशीच्या सवयीने मी नळी खाली दाबतोय. माशी खाली होती, ठिपका १६ मिमी वर आहे, पण मनगटाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. तीन दिवस छर्रा न भरता नुसतं उचलणं केलं. डोळे मिटायचे, हात उचलायचा, डोळे उघडायचे. पहिल्या दिवशी दहापैकी दोनदा ठिपका दिसला. चौथ्या दिवशी दहापैकी आठदा. मुलगी म्हणाली, बाबा योगासनं करतायत.

दहा मीटरवर बसून, कोपर टेकवून दहा छर्रे, सगळे पाच रुपयांच्या नाण्याखाली. उभं राहून एका हाताने मारले ते सांगत नाही. घरी पाचला साडेसहा नाही, सात मिमी खाली जातात. टूलरूम साहेबांचा अर्धा मिमी चुकला.

---

टूलरूम_भांडुप · रविवार, रात्री ९:०१

उंची एक मिमी जास्त आहे तुमची. अर्धा मिमी तिकडे गेला.

---

सई_१०मी · सोमवार, सकाळी ७:४०

उभं राहूनचे सांगा ना काका!

---

मुलुंडचा_नेम · सोमवार, सकाळी ८:१२

कागदावर लागले. कागद मोठा होता.

---

नवखा_कल्याण · सोमवार, सकाळी ११:२५

नमस्कार, पहिलीच पोस्ट. माझ्याकडे पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं) आहे, झटका नाही, आणि रेल वर असल्याने उंचीचा फरक पडत नाही असं मित्र म्हणतो. मुलुंडकरांचा तो ११ ते २० चा अडॅप्टर विकायचा आहे का? कल्याणहून येऊन घेऊन जाईन.

---

टूलरूम_भांडुप · सोमवार, सकाळी ११:४०

पीसीपीला दुहेरी ठोका नाही, एवढं तुमच्या मित्राचं बरोबर. उंचीचं गणित मात्र छर्रा कशाने ढकलला यावर नसतं. कॅलिपर लावा, आकडा इथे टाका, मग बोलू.

---

मुलुंडचा_नेम · सोमवार, दुपारी १२:०५

अडॅप्टर दिला असता हो. पण तो बायकोच्या शिलाई मशीनच्या मागच्या पायाखाली गेलाय. तिथे अगदी बरोबर उंचीचा निघाला, काढला तर मशीन डगमगतं.